पाचशे रुपयांचा आजार, चाळीस हजारांचं औषध

मंडळी, या विकांताचा विषय तसा किरकोळ आहे. जुन्या डेस्कटॉपला वायफाय जोडणे. आठवीतल्या पोराला जमेल असं काम. पण या किरकोळ कामावरून गेल्या वर्षभरात इतक्या जणांशी वाद घालून झालाय, की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. पुढच्या वेळी घसा तरी वाचेल :-)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "पीसीला वायफाय नाही" हे पीसी बदलायचं कारण नाही. तो पीसीचा आजारही नाही. एक सुटा भाग नाहीये, एवढंच. तो भाग पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि नखाएवढा असतो. तरीही दुकानदार, परदेशातला मुलगा आणि आमच्या धंद्यातले लोक (म्हणजे सॉफ्टवेअरवाले) एका सुरात सांगतात, "टाकून द्या हो, नवीन घ्या." हा सल्ला चुकीचा आहे आणि ज्याला तो दिला जातो त्याचं त्यात खरंखुरं नुकसान होतं.

डेस्कटॉपला वायफाय नव्हतं ते कशामुळे, इथून सुरुवात करू. वायफायचं पहिलं मानक, ८०२.११, आलं १९९७ साली. १९९९ मध्ये ११ एमबीपीएसवालं ८०२.११बी आलं. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि तेव्हापासून लॅपटॉपमध्ये वायफाय असणार हे लोक धरूनच चालू लागले. डेस्कटॉपमध्ये ते दिलं जात नव्हतं, आणि यात मागासपणा काही नव्हता. साधा हिशोब होता. डेस्कटॉप जागचा हलत नाही. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं तेव्हाची घरातली मांडणी आठवा. फोनच्या शेजारी मोडेम, मोडेमच्या शेजारी पीसी, मध्ये हातभर वायर. त्यात वायफाय घालून करायचं काय?

मग बदललं काय? पीसी आहे तसाच आहे. घरातली मांडणी बदलली. लँडलाइन गेली, फायबरवाला आला, दाराजवळ भोक पाडून हॉलमध्ये टीव्हीच्या वर डबा ठोकून गेला. पीसी आतल्या खोलीत तसाच. म्हणजे अडचण आहे हॉल ते आतली खोली या वीस-पंचवीस फुटांची. वीस-पंचवीस फुटांसाठी अख्खं मशीन बदला म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा त्याला मशीन विकायचंय.

आता हे नुकसान म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणावरून सांगतो.

आमच्या मागच्या इमारतीत एक काकू घरी डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, आणि पावसाळा सरत आला की एक-दोन छोट्या दिवाळी अंकांची पानं. मशीन २००९ सालचं. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७. त्यावर पेजमेकर, तोच ज्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ साली आली. आणि युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले मराठी फॉन्ट. पंधरा वर्षांचं काम त्या फॉन्टांत अडकलेलं आहे. ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की "चि. सौ. कां."च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं नाचायला लागतात. वर त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक आहे ते जुन्या पद्धतीचं, प्रिंटरच्या रुंद पोर्टात मागे खोचून ठेवायचं. ते पोर्ट आजच्या कुठल्या लॅपटॉपला दाखवा मला.

फायबर आल्यावर त्यांचं इंटरनेट बंद पडलं, म्हणजे पीसीवरचं. दुकानदाराने आधी एक डोंगल दिला. खोक्यावर ठसठशीत "१३०० एमबीपीएस". तो चालला नाही. मग त्याच दुकानदाराचं निदान : "मशीनच जुनं आहे काकू. याला वायफाय घेणार नाही. नवीनच घ्या आता." कोटेशन चाळीस हजारांचं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लॅपटॉप पाठवतो, कटकट संपव." काकू मला म्हणाल्या, "अरे, लॅपटॉप घेऊन काय करू? माझी पानं उघडायला हवीत ना त्यात."

काकूंना जे कळलं ते त्या दोघांनाही कळलं नव्हतं. चाळीस हजार ही फक्त मशीनची किंमत. पंधरा वर्षांची पानं, हाताला बसलेला कळफलक आणि दर वर्षी "मागचाच मजकूर, फक्त तारीख बदला" म्हणणारी गिऱ्हाइकं, यांची किंमत कोटेशनमध्ये धरलेलीच नाही.

आता मुख्य मुद्दा. तो डोंगल चालला का नाही? दुकानदार म्हणतो पीसीच्या वयामुळे. मी म्हणतो डोंगल न चालण्याची बहुतेक कारणं तीन असतात आणि त्यात पीसीच्या वयाचा दोष कमी, खोक्यावरच्या लपवाछपवीचा जास्त.

पहिलं कारण : चिप. डोंगलवर ज्या कंपनीचं नाव असतं ती कंपनी सहसा चिप बनवत नाही. आतली चिप रिअलटेकची, मीडियाटेकची (रालिंक ही कंपनी त्यांनी २०११ मध्ये घेतली) किंवा क्वालकॉमची (अथेरॉस त्यांच्याकडे त्याच वर्षी गेली) अशी कुणाची तरी असते. ड्रायव्हर लागतो तो चिपचा. आणि चिपचं नाव खोक्यावर नसतं! याहून कहर म्हणजे एकाच मॉडेल नंबराखाली चिप बदलते. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन. याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, जिला २०१० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच ड्रायव्हर आहे. लावला की चालला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षं ड्रायव्हर शोधत फिरावं लागलं. नाव तेच, आतलं यंत्र वेगळं. फरक कुठे कळणार? बारीक अक्षरातल्या "व्ही२" या खुणेत.

काकूंच्या डोंगलचं हेच झालं होतं. त्याच्या चिपचा ड्रायव्हर विंडोज १० आणि पुढच्यांसाठीच होता. विंडोज ७ चं नाव खोक्यावर नव्हतं, पण "चालणार नाही" असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. बरं, ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणावं, तर इंटरनेटसाठीच तो ड्रायव्हर हवाय. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

दुसरं कारण : आकडे. १३०० म्हणजे काय? एका पट्ट्यावरचे ४०० आणि दुसऱ्या पट्ट्यावरचे ८६७ यांची बेरीज, वर थोडं गोल केलेली. डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे ही बेरीज तुम्हाला कधीच मिळत नाही. त्यात जुन्या पीसीला यूएसबी २.०, ज्याचा वेग कागदावर ४८०, प्रत्यक्षात फार तर तीनशेच्या आसपास. म्हणजे १३०० चा डोंगल तिथे लावणं हे बोळात ट्रक घालण्यासारखं आहे. आणि घरी प्लॅन किती एमबीपीएसचा? काकूंकडे ५०. त्यांच्या कामाला सगळ्यात स्वस्त, "१५०"वाला डोंगल बास होता. तोही १५० देत नाही, ते वेगळं. इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची इतकी वायफाय असतात, की त्याला रुंद चॅनेल मिळत नाही आणि कडी ७२ वर जुळते. त्यातले प्रत्यक्ष ३५-४० हातात पडतात. पीडीएफ पाठवायला, मेल बघायला, यूट्यूबवर अभंग लावायला एवढे पुरून उरतात.

तिसरं कारण : जागा. हे तर कुणी सांगतच नाही. पीसीचा डबा पत्र्याचा. तो टेबलाखाली. त्याची पाठ भिंतीला. आणि डोंगल लावायचा पाठीमागच्या पोर्टात! एका बाजूला पत्रा, दुसरीकडे विटा, आणि आपण म्हणतो सिग्नल येत नाही. उपाय : यूएसबीची मीटरभर एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल टेबलावर मॉनिटरच्या मागे चिकटवा. दोन दांड्यांच्या चार होतात. पीसीला निळी पोर्टं म्हणजे यूएसबी ३.० असतील, तर डोंगल काळ्या पोर्टात लावा आणि निळ्यांपासून लांब ठेवा. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे खुद्द इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेलं आहे. जुन्या पीसीला निळी पोर्टं नसतातच बहुधा. म्हणजे इथे म्हातारपण फायद्याचं!

तर चिप लपवणारा कारखानदार, आकडे फुगवणारं खोकं आणि जागेबद्दल गप्प बसणारा विक्रेता, या तिघांनी मिळून पाचशेचं काम बिघडवायचं आणि खापर फोडायचं पीसीवर. "बघा, जुना झालाय." पीसी बिचारा बोलू शकत नाही, म्हणून मी बोलतोय.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

१. आधी वायर जमते का बघा. दरवाजाच्या चौकटीवरून, छताच्या कडेने. साधी कॅट-५ई केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते, हॉल ते आतली खोली म्हणजे काहीच नाही. हलणार नाही त्या यंत्राला वायरीसारखं सुख नाही. पण भाड्याचं घर असतं, मालक खिळा ठोकू देत नाही, घरच्यांना वायर दिसलेली चालत नाही. मान्य. पुढे चला.

२. फुकटचा उपाय. घरात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडलेला असतो. तो घरच्या वायफायला जोडा, यूएसबी वायरने पीसीला लावा आणि "यूएसबी टेदरिंग" चालू करा. फोनच डोंगल झाला. लिनक्स आणि विंडोज ७ पासून पुढे सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. निदान आज रात्रीचं काम भागतं आणि डोंगलचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो. वर सांगितलेलं कपाट असं उघडायचं.

३. डोंगल. आधी चिप ठरवा, मग डोंगल शोधा. उलटं करू नका. लिनक्स असेल तर एआर९२७१ किंवा मीडियाटेकची एमटी७६०१यू, जिला २०१५ पासून कर्नलमध्ये आधार आहे. नवं ते चांगलं हे इथे लागू नाही. वायफाय ६ च्या नव्या डोंगलांना विंडोज ७ चा ड्रायव्हर बहुधा नसतोच.

४. डबा उघडायची तयारी असेल आणि मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची लहान खाच असेल, तर कार्ड घ्या. बाहेर अँटेना मिळतो, पोर्ट अडत नाही. ड्रायव्हरचा प्रश्न मात्र इथेही तोच, तेव्हा चिप बघूनच.

५. जुना राउटर पडलाय? तो "क्लायंट" किंवा "ब्रिज" करता येतो का पहा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी आहे, २००४ पासून चालत आलेला मुक्त प्रकल्प. तुमचं मॉडेल त्याच्या यादीत असलं पाहिजे, एवढं आधी तपासा. मग राउटर हॉलमधलं वायफाय पकडतो आणि पीसीला नुसती वायर देतो. ड्रायव्हर वगैरे काही नाही, पीसीला पत्ताच लागत नाही की मध्ये वायफाय आहे.

आणि एवढं करूनही जोडलं गेलं नाही, तर हॉलमधल्या राउटरची सेटिंग बघा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना? सुरक्षा "फक्त डब्ल्यूपीए३" अशी ठेवली असेल तर ती "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३" मिश्र करा. जुने डोंगल तिथेच अडतात.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. सगळे पोकळ आहेत असं मी म्हणत नाही.

"सुरक्षेचं काय?" रास्त प्रश्न. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, आणि इंटेल असेल तर बहुतेक करून आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या पुढचा. तेव्हा विंडोज ७ नेटवर मोकळं सोडू नका, हे मीही सांगेन. पण हा ऑपरेटिंग सिस्टमचा प्रश्न झाला, वायफायचा नव्हे. विकणारा हे दोन प्रश्न मुद्दाम एकत्र कालवतो. काकूंकडे आम्ही काय केलं? हार्ड डिस्कवर जागा करून शेजारी लिनक्स मिंट टाकलं. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजमध्ये टाकलाच नाही. विंडोज ७ आणि पेजमेकर नेटपासून लांब, जसे होते तसे. पान लावायचं, पीडीएफ करायची, मशीन लिनक्समध्ये सुरू करायचं, मेल किंवा व्हॉट्सॲप वेबवरून पाठवायचं. पुन्हा सुरू करायला दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात चहा होतो. खर्च : डोंगल साडेचारशे, एक्स्टेन्शन वायर ऐंशी.

"वीज किती खातो!" हिशोब करू. जुना पीसी लॅपटॉपपेक्षा ८० वॅट जास्त घेतो असं धरा. दिवसाला ४ तास. वर्षाला साधारण ११७ युनिट. ८ रुपये युनिटने साडेनऊशेच्या आत. चाळीस हजार वसूल व्हायला चाळीस वर्षं लागतील.

"पर्यावरण?" मग तर माझ्याच बाजूने बोला. २०२४ च्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. चालतं मशीन त्या ढिगावर टाकायला कारण काय, तर पाच ग्रॅमचा डोंगल जमला नाही!

"तुझ्या वेळेची किंमत काय?" हा आमच्या बिरादरीचा लाडका प्रश्न. हाच मला सगळ्यात जास्त झोंबतो. कारण आपण दिवसभर ऑफिसात करतो काय? अमेरिकेतल्या कुठल्या बँकेचं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं कोबोल सांभाळतो. त्याला "लेगसी सपोर्ट" म्हणतो आणि डॉलरमध्ये बिल लावतो. तिथे कुणी म्हणत नाही, "टाकून द्या हो, नवीन घ्या." कारण तिथे कळतं की जुन्या यंत्रात माणसांचं काम साठलेलं असतं. बँकेचं जुनं ते "लेगसी" आणि काकूंचं जुनं ते "भंगार"? हा न्याय नाही, हा गिऱ्हाइकाचा खिसा बघून दिलेला निकाल आहे.

शेवटी एक मागणी. औषधाच्या पाकिटावर कंपनीचं नाव काहीही असो, आतलं मूळ औषध कुठलं ते छापावंच लागतं. म्हणून तर दुसऱ्या कंपनीच्या गोळीत तेच औषध आहे का, ते कळतं. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा आत काय घातलंय ते असतं. मग डोंगलच्या खोक्यावर तीन ओळी छापायला कुणाचं काय जातं? आत चिप कुठली, ती कुठल्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालते, कुठल्यावर चालत नाही. चिप बदलली तर मॉडेलचं नाव बदला. बस्स. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, काउंटरवर उभं राहून "यात चिप कुठली?" असं विचारायला लागा. दहा जणांनी विचारलं तर दुकानदार हसेल, शंभर जणांनी विचारलं तर तो कंपनीच्या माणसाला विचारील.

आणि कुणी "मशीन जुनं झालंय" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : नेमका कुठला भाग जुना झालाय? उत्तर आलं तर त्या भागाची किंमत काढा. उत्तर नाही आलं तर पैशाचं पाकीट खिशातच ठेवा.

ता.क. : घरात न चालणारा डोंगल पडून असेल तर फेकू नका. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्याच्या तपशिलात "हार्डवेअर आयडी" बघा. व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरांचे दोन तुकडे दिसतील. लिनक्समध्ये "एलएसयूएसबी" ही आज्ञा दिली की तेच मिळतात. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर बसून ते आकडे शोधा, चिपचं नाव समोर येतं. खोकं बोललं नाही तरी चिप आपलं नाव लपवत नाही.